नव्या वर्गाची घडी धाकाने बसते का?

पांझराकाठ: ‘पहिल्याच दिवशी फळ्यावर नियम लिहा, दिवाळीपर्यंत हसू नका, वर्षभर वर्ग शांत राहील,’ हा सल्ला काल येथे वाचला आणि उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. जिल्हा परिषदेच्या चौथीतून तालुक्याच्या हायस्कुलात आलेले मूल एस.टी.तून उतरतानाच भेदरलेले असते. कोठे बसायचे, पाणी कोठे प्यायचे, लघवीला जाण्यासाठी कसे विचारायचे, हे त्याला आधी कळले पाहिजे. वह्या गोळा करणे, रांगेने खिचडी घेणे, दुसरा बोलत असताना थांबणे यांचा सराव मी पाढ्यांसारखा रोज घेतो आणि वर्गाचे चार नियम मुलांच्या तोंडून आले की मगच ते फळ्यावर लिहितो. १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झालेल्या साने गुरुजींनी वसतिगृहातली मुले मायेनेच जोडली होती.

केळीबाग: तो सल्ला माझाच होता आणि तो मी मागे घेणार नाही. गुरुजींचे नाव घेणे सोपे आहे. पासष्ट मुलांच्या खोलीत उभे राहून बोला. शिवाय हा सराव घ्यायचा केव्हा? जून महिना यू-डायस या सरकारी नोंदणीत शाळेची माहिती भरणे आणि मुलांच्या आधारची जुळणी यांतच संपतो. शिक्षकाला वर्गात राहू दिले जात नाही आणि वर्ग बिघडला की जाब मात्र त्यालाच विचारला जातो.

सातपुडा पायथा: सर, धाकाच्या यादीत ‘वर्गात शुद्धच बोला’ हा नियम हमखास असतो, त्याचे काय? माझ्या भाच्याने पहिल्या आठवड्यात ‘मनी वही घर राही गयी’ एवढेच सांगितले. वर्ग हसला, शिक्षकांनी तेच वाक्य शुद्ध मराठीत त्याच्याकडून सर्वांसमोर पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले आणि त्यानंतर तो हजेरीलाही केवळ हात वर करू लागला. अहिराणीची ही गत, तर धडगावहून आलेल्या, पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलीने काय करावे?

केळीबाग: ताई, माझ्या घरीही अहिराणीच बोलतात, तेव्हा मला माझी भाषा शिकवू नका! पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला माझ्या बोलण्यावर लोक हसले, ते मी विसरलेलो नाही. दहावीची उत्तरपत्रिका प्रमाण मराठीतच लिहावी लागते. ती सवय पाचवीत लावली नाही, तर नुकसान मुलाचेच होते.

सातपुडा पायथा: आपल्यावर हसले म्हणून आपण मुलांवर हसू देणार आहात का? शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवा असे सांगते आणि कलम १७ मानसिक छळालाही मनाई करते. तोंडच उघडले नाही, तर प्रमाण मराठी येणार कोठून?

केळीबाग: कोणाच्याही बोलीवर हसायचे नाही, हा नियम फळ्यावर सर्वांत वर लिहावा, एवढे मान्य, मात्र तो पाळला जाईल तो धाकानेच.

पांझराकाठ: तो नियम लिहाच, पण दिवाळीनंतर आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली मुले होळीला परततात, त्यांनी तो फळा पाहिलेलाही नसतो. त्यांना शेजारी बसवून पुन्हा पहिल्यापासून सगळे दाखवावे लागते, आणि आमच्या वर्गात ते काम आता मुलेच करतात.

केळीबाग: परतलेल्या मुलांपुरते आपले म्हणणे पटते. जूनबद्दल माझे मत तेच आहे.