उन्हाळ्यात कोरड्या, तुटणाऱ्या केसांसाठी डीप कंडिशनिंग कसे करावे?

प्रश्न : दिवाळीआधी केस रसायनाने सरळ करून घेतले, तेव्हापासून टोके झाडूच्या काड्यांसारखी झाली आहेत. आता नागपुरात पारा ४५ अंशांच्या घरात असताना आणि घरी बोअरचे जड (क्षारयुक्त) पाणी वापरावे लागत असताना, कंगवा फिरवला की बोटभर तुकडे खांद्यावर पडतात. घरच्या घरी काय करता येईल?

उत्तर १ : ताई, पडलेला केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला पांढरा ठिपका नसेल, तर तो मुळापासून गळलेला नसून मध्येच तुटलेला आहे. रसायनाने केसांतील प्रथिनांचे बंध तुटतात आणि वरचे खवले उघडे राहतात. अशा केसांवर ऋण विद्युत भार वाढतो, म्हणूनच कंडिशनरमधील धन भाराचे घटक तेथे चिकटून बसतात. आठवड्यातून एकदा शॅम्पूनंतर पाणी निथळून घ्या, डीप कंडिशनिंगचा मास्क (केसांवर काही वेळ ठेवायचा दाट कंडिशनर) कानाखालच्या केसांनाच लावा, कोमट पाण्यात पिळलेला पंचा गुंडाळा आणि २० मिनिटांनी धुवा. दुभंगलेली टोके मात्र कापावीच लागतील, कारण केस निर्जीव असतो व स्वतःहून भरून येत नाही.

उत्तर २ : धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेल अवश्य लावा. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. केसांना अंडे लावतात, पण त्यातील प्रथिने मात्र आत शिरण्याइतकी लहान नसतात. आमच्याकडे शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा घेतो. केसांचा चरचरीतपणा बराच कमी झाला. दुपारी बाहेर पडताना सुती दुपट्टा विसरू नका.