टाइपरायटरची तुटक शिरोरेघ कुंचल्याला पेलेल का?

दर्यावर्दी:
हर्णे, मिरकरवाडा, मालवण इथे होड्यांवर रंगाऱ्याच्या कुंचल्यातली नावं अजून दिसतात. ते वळण आणि मराठी टाइपरायटरची ठेवण एकत्र आणून पाट्यांसाठी फॉन्ट करावा. अक्षराची चौकट १००० युनिटची (युनिट म्हणजे फॉन्टमधलं मापाचं एकक), प्रत्येक अक्षराला ६०० ची सारखी रुंदी, चपटा कुंचला, अक्षराची उंची कुंचल्याच्या रुंदीच्या पाचपट. शिरोरेघ अक्षरागणिक ३० युनिट तुटलेली. यंत्राची खूण तीच.

बोरू:
सारखी रुंदी ही यंत्राची अडचण होती, तिला शैली का म्हणायचं? टाइपरायटरचा कागद धरणारा गाडा बहुतेक कळींना एकच घर सरकतो, म्हणून ख, ण, श, भ अर्धे ठोकून पुढे काना मारावा लागे. ६०० मध्ये 'क्ष' कोंबलात तर जाड फटकारा आतली पोकळी बुजवेल. 'र'भोवती मात्र मोकळं रान. 'रत्नागिरी' लिहून बघा, दोन्ही 'र' दात पडल्यासारखे दिसतील.

दर्यावर्दी:
बरं, 'र' आणि काना ४०० वर, 'क्ष' ९०० वर. बाकी ६०० च हवेत. रुंद्या भलत्या झाल्या की पहिल्या वेलांटीची कमान दांड्यापर्यंत पोचवायला तिच्या कितीतरी लांब्या काढाव्या लागतात. इथे मोजक्याच पुरतील.

पाटीकाम:
रुंदीचं पटलं. तुटक रेघ अजिबात नको. 'ध' आणि 'घ' यांतला फरक मुख्यतः शिरोरेघेतल्या फटीवर उभा आहे. सगळीकडेच फटी दिल्यात तर होडीवरची 'घार' लांबून 'धार' वाचली जाईल. छपाईत तर ती खूण दिसायचीही नाही: १२ पॉइंटला ३० युनिट म्हणजे जेमतेम ०.१३ मिलिमीटर, शाई पसरली की बुजले.

दर्यावर्दी:
सलग रेघेसाठी शेजारच्या रेघा एकमेकींवर २० युनिट चढवाव्या लागतात. पाटीवर चिकटवायचं व्हिनाइल कापताना प्लॉटर, म्हणजे कापणारं यंत्र, प्रत्येक कडा कापत जातो आणि जोडाजोडावर चिमुकला तुकडा सुटा पडतो. तुटक रेघेत ही भानगड नाही.

पाटीकाम:
कापण्याआधी मजकुराचे आकार करून एकजीव करा, तुकडे पडणार नाहीत. उलट सुट्या अक्षरांचं व्हिनाइल लवकर उठतं, खारा वारा प्रत्येक कोपऱ्यात शिरतो. यंत्राची खूण हवी तर कान्याच्या पायाला ठशासारखं ठोकळेबाज टोक द्या. कोरड्या कुंचल्याचा ओरखडेदार फटकारा उकाराच्या शेवटालाच शोभतो. शिरोरेघेवर ठेवलात तर तोच ओरखडा दर अक्षरावर येतो आणि हाताचं काम वाटत नाही.

बोरू:
कुंचल्याच्या अक्षरांचे स्कॅन संगणकाकडून आपोआप ट्रेस करू नका, एकेका अक्षराच्या कडेला शेकडो बिंदू येतात. 'किनाऱ्या'तला अर्धा र आणि मराठी वळणाचे ल, श आधी काढा.

दर्यावर्दी:
टोकं ठोकळेबाज करतो. फट मात्र राहील, फक्त दोन अक्षरांच्या मध्ये. 'ध'ची वरची गाठ ठळक काढली की 'घार' 'घार'च वाचली जाईल.