पिंक फ्लॉइड इतकं कशामुळे बदललं?

निषाद_मध्यम
मंडळी, सध्या पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे अल्बम क्रमाने ऐकतोय. १९६७च्या पहिल्या अल्बममध्ये बुजगावणं, सायकल, मांजर, परीकथेतले बुटके. १९८३च्या 'द फायनल कट'मध्ये नुसतं युद्ध आणि राजकारण. वादनही ओळखू येत नाही. सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेट बँडमधून गेला म्हणूनच हे झालं का?

रानवारा
बॅरेट १९६८मध्ये बाहेर पडला हे एक कारण, पण तेवढ्याने भागत नाही. त्याच वर्षीचं 'कॉर्पोरल क्लेग' ऐक. लाकडी पायाच्या सैनिकाचं गाणं, लिहिलंय बँडचा बास गिटारवादक रॉजर वॉटर्सने. त्याचे वडील १९४४मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत गेले, तेव्हा हा जेमतेम पाच महिन्यांचा. म्हणजे १९७९च्या 'द वॉल' अल्बममधलं दुःख तेव्हाही होतंच, फक्त काझूच्या पिपाणीखाली दडलेलं.

वादनाचं म्हणशील तर मला ती सगळी कीबोर्डवादक रिचर्ड राइटची कहाणी वाटते. 'एकोज' (१९७१) त्याच्या पियानोच्या एका सुराने सुरू होतं, लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून थरथरत येणाऱ्या. तेवीस मिनिटांच्या त्या गाण्यात शब्द किती थोडे! आणि तरीही अंतराळात भटकणारी त्यांची गाणी तिथेच माणसाकडे वळतात: रस्त्यात दोन अनोळखी माणसांची नजरानजर होते, बस्स. 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये (१९७३) शब्द आणि सूर एकमेकांना जागा देतात. माझ्या मते तो तोल पुन्हा कधी साधला नाही. पुढे वॉटर्सला सांगायचं खूप होतं आणि ते त्याला नेमकं, रोखठोक सांगायचं होतं. अशा शब्दांना ऑर्गनचे लांबलचक, धूसर सूर अडचणीचे होतात. 'अॅनिमल्स'मध्ये (१९७७) रचनाकार म्हणून राइटचं नाव कुठेच नाही. 'द वॉल'च्या वेळी त्याला बँड सोडावा लागला, दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. 'द फायनल कट'मध्ये तो नाहीच. ऐकताना ती पोकळी मला जाणवते.

तारसप्तक
रानवारा, अर्धंच पटलं. 'अॅनिमल्स'मधल्याच 'शीप'च्या सुरुवातीचा इलेक्ट्रिक पियानो कोणाचा? राइटचाच. शिवाय त्याच अल्बममधलं 'डॉग्ज' आणि 'शीप' ही दोन्ही गाणी वेगळ्या नावांनी १९७४पासून मैफलींत वाजत होती. आणि बॅरेटच्या जागी आलेल्या डेव्हिड गिल्मोरच्या गिटारचं काय? 'डॉग्ज'ची सतरा मिनिटं तिनेच पेलली आहेत.

रानवारा
गिटारबद्दल वादच नाही. पण 'शीप'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे: वाजवलं राइटने, श्रेय एकट्या वॉटर्सला. निषाद, १९८३वर थांबू नकोस. वॉटर्स बँड सोडून गेल्यानंतरचा 'द डिव्हिजन बेल' (१९९४) घे. बरेचसे शब्द गिल्मोर आणि लेखिका पॉली सॅमसन यांचे, माणसांतला संवाद तुटण्याबद्दलचे. 'वेअरिंग द इनसाइड आउट' राइटने स्वतः गायलंय. गाण्यांचे शब्द वॉटर्सइतके धारदार नाहीत हे मान्य, पण ऑर्गनला पुन्हा ऐसपैस जागा मिळालीय.