प्रोपगंडाला मराठीत 'प्रचार' म्हणायचं का?

आत्याबाई
भाची इथेच नाशकात कॉलेज रोडला मास मीडिया करतेय. असाइनमेंट आलीय, प्रोपगंडा, पब्लिक रिलेशन्स आणि ॲडव्हर्टायझिंग यांतला फरक मराठीत लिहून आणा. परवा आली आणि म्हणे आत्या तू मराठीवाली ना, सांग. मी पटकन सांगून टाकलं, प्रचार, जनसंपर्क, जाहिरात. तिने लिहून घेतलं आणि वर विचारते, मग वाक्प्रचार म्हणजे तोंडी प्रोपगंडा का गं? हसले मी, पण रात्री झोपताना तेच डोक्यात.

कारण पोरीचं बरोबर आहे ना. वाक्प्रचारातला प्रचार हा जुना अर्थ, चर् म्हणजे चालणं-फिरणं, त्यावरून जे चालू आहे, वापरात आहे ते. "हा शब्द आता प्रचारात नाही" असं आपण अजून म्हणतोच की. यात फसवाफसवी कुठेच नाही, म्हणून तर वाईट अर्थ हवा असला की पुढे 'अप' लावावा लागतो, आणि नाटकाला नावं ठेवायची तर मागे शेपूट, 'प्रचारकी'. निवडणुकीचा प्रचारसुद्धा उघड्यावरचा, नारळ फोडून सुरू आणि मतदान संपायच्या ४८ तास आधी पेपरात 'तोफा थंडावल्या' म्हणून बंद. कोण कुणासाठी ओरडतंय ते शेंबड्या पोरालाही कळतं. प्रोपगंडात नेमकं हेच कळू द्यायचं नसतं असं मला वाटतं. मग शब्द कुठला?

उगाच_शंका
ताई एक मिनिट. जर्मनीत १९३३ ला हिटलरने गोबेल्सला जे खातं दिलं त्याच्या नावातच प्रोपगंडा होतं, पाटी लावून चालू होतं सगळं. म्हणजे लपवणं हा काही त्या शब्दाचा अर्थ नाही. आणि आपला छुपा प्रचार? तोफा थंडावल्यावरच तर खरा सुरू होतो, हे काय नाशिककरांना सांगायला पाहिजे होय.

आत्याबाई
छुपा प्रचार मान्य. पण बघा ना, 'छुपा' वेगळं सांगावं लागतं.

काडी_आणि_खुंट
मी दिंडोरीकडचा, बागवाला माणूस, व्याकरण आपलं काम नाही. पण प्रोपगंडा शब्दाचं मूळ पोराच्या फोनवर बघितलं आणि चाट पडलो. १६२२ ला रोमच्या पोपने, पंधरावा ग्रेगरी, धर्म पसरवायला एक मंडळ काढलं त्याच्या नावातून हा शब्द आला, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण त्याच्याही मागे लॅटिनमध्ये तो शब्द बागेतला आहे हो! वेलीची फांदी दाबून नवीन वेल करायची, आपण दाब कलम म्हणतो, ते. द्राक्षाचाच शब्द म्हणा की.

आता आमच्याकडे काय करतात, खाली मुळाचा खुंट डॉगरिज जातीचा आणि वर काडी थॉमसन द्राक्षाची. गिऱ्हाईक घड बघतं, खुंट कोण बघतंय. मला तर या सगळ्या धंद्याला 'कलम करणे' हाच शब्द फिट वाटतो, बोलणारं तोंड एकाचं आणि मूळ दुसऱ्याचं. पेपरवाले "बातमी पेरली" म्हणतात तेही शेतातलंच, पण पेरलेलं निदान उगवल्यावर ओळखू येतं.

जुनी_पाटी
वा बागवाले, हे माहीत नव्हतं. मी मधल्या शब्दाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. आपल्याकडे सिडको, सातपूर, पंचवटी कुठेही जा, 'जनसंपर्क कार्यालय' पाटी दिसते. तिथे आपण कशाला जातो? नळाला पाणी नाही, दाखल्यावर सही पाहिजे. म्हणजे मराठीत जनसंपर्क हा जनांनी जाऊन करायचा संपर्क आहे. अमेरिकेतला पब्लिक रिलेशन्स नेमका उलट्या दिशेचा. एडवर्ड बर्नेज, सिग्मंड फ्रॉइडचा भाचा, पहिल्या महायुद्धात सरकारच्या प्रचारखात्यात होता, युद्ध संपल्यावर त्याला वाटलं की हेच तंत्र शांततेच्या काळात का वापरू नये, पण प्रोपगंडा शब्द जर्मनांमुळे बदनाम झालेला म्हणून त्याने दुसरं नाव उचललं, पब्लिक रिलेशन्स, थोडक्यात पीआर. म्हणजे हे नाव घेणं हाच मुळात पीआर आहे!

१९२९ ला न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत त्याने बायकांना रस्त्यावर सिगरेटी ओढायला लावल्या, स्वातंत्र्याच्या मशाली म्हणून. पेपरांनी छापलं बायकांचं बंड, पैसे तंबाखू कंपनीचे. आता याला जनसंपर्क म्हणणार? माझी सून तर सरळ "तो स्वतःचा पीआर करतोय" म्हणते आणि त्यात जे कुत्सित आहे ते जनसंपर्कात येतच नाही. जवळचा मराठी शब्द मला एकच सापडला, फ्लेक्सवरचा 'शुभेच्छुक'. खाली समस्त मित्रपरिवार, आणि फ्लेक्सचं बिल ज्याचा वाढदिवस त्याच्याच खिशातून.

उगाच_शंका
शुभेच्छुक 😂 हे असाइनमेंटमध्ये जाऊ द्या.

जाहिरातीचं मात्र सोपं आहे. जाहीरवरून आलाय, अरबी-फारसीतून, जाहीर म्हणजे उघड. दुकान माझं, माल माझा, घ्या. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांचं उदाहरण द्या भाचीला. पहिला सिनेमा सुरतेला लागला तेव्हा लोक येईनात, नाटक रात्रभर चालायचं आणि हे दीड तासात आटपणार, म्हणून त्यांनी जाहिरात केली की ५७,००० फोटो, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यात. फोटोंचा आकडा खोटा नाही, रिळात तेवढे असतातच, मैल मात्र ताणले. गर्दी झाली. याला मी लबाडी म्हणणार नाही, गिऱ्हाइकाच्या मापाने माल मोजून दाखवला एवढंच.

आत्याबाई
फाळके घेतले! पण जाहिरात उघड असते हे जुनं झालं हो. मागच्या महिन्यात एका क्लासबद्दल अर्धं पान 'बातमी' वाचून मी फोनही लावला होता, नंतर दिसलं की वर बारीक अक्षरात 'वाणिज्य प्रतिनिधी', म्हणजे जाहिरातच. चष्मा घालूनही दिसेना. आणि २००९ ची विधानसभा आठवा, वेगवेगळ्या पेपरांत एकाच उमेदवाराची शब्द न् शब्द तीच बातमी, तेव्हापासून 'पॅकेज' म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या बातम्या, शब्दाचा अर्थच आपल्याकडे बदलला. प्रेस कौन्सिलने पुढच्या वर्षी अहवाल केला. या पेड न्यूजला, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीला, मराठी शब्द काही रुळला नाही, 'विकतची बातमी' म्हणावं तर पेपर आपण विकतच घेतो.

मला आता वाटायला लागलंय की नामं शोधण्यातच चूक होतेय. मराठीत हा फरक क्रियापदं करतात, आणि अंगाच्या एकेका भागावर. कानावर घालणे, ही साधी माहिती. कान भरणे, म्हणजे हेतू आला. गळी उतरवणे, ऐकणारा तयार नव्हता पण हळूहळू तयार केला. माथी मारणे, तयार नव्हताच तरी दिलं. मनावर बिंबवणे यात पुन्हा पुन्हा सांगणं आलं, आणि मग एक दिवस माणूस ते स्वतःचं मत म्हणून बोलतो. जाहिरात गळ्यापर्यंत जाते, प्रोपगंडा मनापर्यंत. मधला तुमचा शुभेच्छुक कानाशी.

जुनी_पाटी
बिंबवणे पटलं. 'लाट' पण घ्या, "अमक्याची लाट आहे" हे पहिल्यांदा कोण म्हणतं ते बघा, बहुतेक वेळा लाटेवर बसू पाहणाराच. १९३७ ला अमेरिकेत काही अभ्यासकांनी प्रोपगंडाची सात तंत्रं काढली त्यात हे एक आहे, सगळे निघाले, तुम्हीच मागे राहाल. दुसरं एक म्हणजे मी तुमच्यातलाच. आपल्याकडे त्यासाठी उमेदवार मिसळीचा रस्सा ओरपताना फोटो काढतो.

काडी_आणि_खुंट
आणि रस्सा पांढऱ्या शर्टावर सांडत नाही कधी, तिथेच ओळखायचं.

आत्याबाई
भाचीने शेवटी प्रोपगंडा देवनागरीत तसाच ठेवला आणि खाली कलमाची टीप टाकली, बागवाले धन्यवाद. एक शब्द मात्र आपण सगळेच विसरलो, भोंगा. मागच्या निवडणुकीत भर दुपारी आमच्या गल्लीत रिक्षा उभी, भोंगा सुरू. मी खाली जाऊन म्हटलं दादा पुढे घ्या जरा, वर बाळ झोपलंय. त्याने लगेच आवाज बंद केला आणि म्हणाला, "सॉरी ताई, सकाळी दुसऱ्या पक्षाची ड्यूटी होती, तेव्हा पण इथे एक ताई ओरडल्या." आता हा प्रचार की जाहिरात, सांगा बरं.