प्रतिसाद: घरची तेलुगू, शाळेची मराठी

घरी तेलुगू बोललं तर मुलाचं मराठी कच्चं राहील, अशी भीती इथल्या चर्चेत कुणीतरी मांडली आहे; ती मला पटत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली (तेलुगू बोलणारा विणकर समाज) घरांत मुलं दोन्ही भाषा सहज बोलतात. अडतं ते वाचनापाशी. तेलुगू लिपी बऱ्याच जणांना कुणी दाखवतच नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

अमेरिकेत लेखिका पॅट मोरा यांनी १९९६ मध्ये मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस सुचवला. तो ३० एप्रिलला असतो, घरच्या भाषेतली पुस्तकंही त्यात वाचतात. आपल्याकडेही तो साजरा करूया की! प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि तेलुगू गोष्टी मोफत आहेत. आजीला वाचता येत नसेल तर तिने गोष्ट तेलुगूत सांगावी, नातवंडांनी मराठीत लिहून काढावी.