सहा माणसांत परवडेल असा, मराठीत बोलणारा, मुंबईतल्या फोर्ट भागाचा गाइड कुठे मिळेल?

निवृत्त_वाहक
नमस्कार मंडळी. मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. मुंबई सेंट्रलला मुक्कामाची गाडी घेऊन किती वेळा आलो त्याची मोजदाद नाही, पण विश्रांतीगृह आणि समोरची खानावळ यापलीकडे मुंबई पाहिली नाही. आता सहावीतली नात विचारते, "आबा, इतक्या वेळा गेलात तर व्हीटी आतून कशीय?" काय सांगणार!

तर शनिवारी रात्री कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघायचं, रविवार मुंबईत, रात्री त्याच गाडीने परत. माणसं सहा: मी, आमची मंडळी, थोरल्या वहिनी (वय ७४), मुलगा, सून, नात. दोन ठिकाणी फोन केला. एकाने दोन तासांचे माणशी ९०० सांगितले, तेही इंग्रजीत. नऊ सख चोपन्न, म्हणजे ५४०० रुपये. दुसऱ्याने नातीचं अर्धं तिकीट धरलं, बाकी तेच.

मागे एका शहरात बसच्या सहलीला गेलो होतो. गाइडने राजवाड्यासमोर दहा मिनिटं दिली आणि साडीच्या दुकानात पाऊण तास. तसं परत नको. दीड-दोन हजारांत, मराठीत, वहिनींच्या गुडघ्यांना झेपेल असं कुणी दाखवतं का?

गिरगावची_माई
काका, माणशी दर विचारूच नका. "सहा जणांचे मिळून दोन तासांचे किती" असंच विचारायचं. माणशी दर एकट्या-दुकट्याला परवडतो, कुटुंबाला मारतो. इतिहासात एमए करणारी मुलं सुट्टीच्या दिवशी असं काम करतात. एखाद्या कॉलेजच्या इतिहास विभागात फोन करून बघा, माझ्या भाच्याला तसंच मिळालं. फोनवरच दोन गोष्टी ठरवून घ्या: पूर्ण वेळ मराठीत बोलणार, आणि दुकानात नेणार नाही. दुसऱ्या अटीवर जो अडखळेल त्याला सोडा.

रविवार निवडलात ते उत्तम. फोर्ट ओस असतं, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत नाही. मेगाब्लॉकची बातमी वाचून घाबरू नका, तुम्हाला लोकल लागणारच नाही. तुमची गाडी तुम्हाला पहिल्या ठिकाणाच्या, म्हणजे व्हीटी स्टेशनच्या (आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), पोटातच सोडते! समोरची महापालिकेची इमारत आतून दाखवतात, मी गेले तेव्हा शनिवार-रविवारी दाखवत होते. नोंदणी आधी करावी लागली आणि दारात ओळखपत्र मागितलं. सहाही जणांची आधार कार्डं जवळ ठेवा.

रिकामा_खिसा
गाइड कशाला? यूट्यूब लावा, चालत सुटा. फुकट.

दगडी_डोळा
खिसेसाहेब, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी एका हातात मोबाइल धरायचा की कठडा?

काका, गाइड दोनच तास घ्या. बाकीचं मी सांगतो ते स्वतः बघा. व्हीटी प्लॅटफॉर्मवरून कळत नाही. बाहेर येऊन महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवरून बघा. घुमटावर उभ्या बाईच्या डाव्या हातात चाक आहे. तुम्ही चाकावर आयुष्य काढलंत, तुम्हाला ते आधी दिसेल. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत दगडी चेहरे आहेत, त्यात पागोटंवाले नाना शंकरशेट (मुंबईत रेल्वे आणण्यात पुढे असलेले) शोधायला नातीला सांगा. माकडं, मोर, घुबडं ही दगडातली सगळी जत्रा जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची. काम १८७८ ला सुरू झालं, त्याला दहा वर्षं लागली. आराखडा स्टीव्हन्स यांचा, आणि समोरची महापालिकाही (१८९३) त्यांचीच. एकाच माणसाच्या दोन इमारती एकमेकींसमोर ठाकल्यात, हे गाइड नसला तरी कळतं.

राजाबाई टॉवर ओव्हल मैदानातून बघा. जवळून मान दुखते. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी कापसाच्या तेजीत कमावलेल्या पैशातून आईच्या नावाने तो बांधायला दिला, १८७८ ला पुरा झाला. आईला दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवायची वेळ घंटेवरून कळावी म्हणून हा टॉवर, असं सांगतात. खरं-खोटं राहू द्या, वहिनींना आवडेल. मैदानात उभं राहून मागे वळलात की मरीन ड्राइव्हच्या बाजूच्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारती दिसतील. त्या १९३० च्या आसपासच्या. टॉवरकडची आणि ही, अशा दोन्ही बाजू मिळून २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या.

एशियाटिक लायब्ररीच्या ३० पायऱ्या वहिनींना चढायला लावू नका. खालच्या पायरीवर बसूनही सगळं दिसतं.

निवृत्त_वाहक
मंडळी, कालच परतलो. हिशेब देतो.

एमए करणारा मुलगा मिळाला, सहांचे मिळून १६०० रुपये. दोन तास ठरले होते, अडीच तास फिरवलं. दुकानाचं नावही काढलं नाही. नाना शंकरशेट नातीला आधी सापडले, मला नंतर. चाक मात्र मीच आधी पाहिलं.

फ्लोरा फाउंटन बघायला गेलो तर कारंज्याकडे (१८६४ चं आहे म्हणे) वहिनींनी पाहिलंच नाही. त्या हुतात्मा स्मारकापाशी उभ्या राहिल्या. गाइड मुलगा २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबाराचं सांगायला लागला, तर वहिनीच म्हणाल्या, "थांब, मी सांगते." त्यांचे वडील संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात होते, हे घरात नुसतं ऐकून होतो. सविस्तर त्यांनी तिथे पहिल्यांदा सांगितलं. मशाल धरलेल्या त्या शेतकरी-कामगाराकडे बघत अर्धा तास तिथेच गेला, म्हणून अडीच तास झाले. जादा पैसे देऊ लागलो तर गाइड मुलाने घेतले नाहीत.

महापालिकेचं राहिलं. नोंदणी करायला उशीर झाला, चूक आमचीच. ओव्हलवर डबा खाल्ला. गेटवेला बेस्टने गेलो, माणशी १० रुपये. वाहकाशी गप्पा मारल्या, पण तिकीट रीतसर काढलं.

दगडी डोळासाहेब, वहिनी तीसही पायऱ्या चढल्या. ऐकलं नाही.

एक राहिलंच. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. आमच्या तीन पिशव्यांना चेनच नव्हती. आमचा मुलगा दिवसभर त्या खांद्यावर घेऊन फिरला.