जुन्या पीसींसाठी हलकी लिनक्स बनवतोय, पुढच्या व्हर्जनमध्ये आधी काय सुधारायचं?

राजवाडा_रूट (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात दहा-बारा जुने पीसी आहेत, बहुतेक कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क, आणि दोनेक अ‍ॅटमवाले नेटबुक कोणीतरी देऊन गेलेलं. त्यांच्यासाठी आम्ही दोघंतिघं मिळून डेबियन १२ (लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे तयार सिस्टिम) वर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घालून लाइव्ह-बिल्ड या टूलने एक आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) बनवलीये आणि ती बरी चालते. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून कॉलनीतले लोकपण जुने लॅपटॉप घेऊन यायला लागलेत, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पायजे आणि ती यांच्यात नाहीच, म्हणजे काम आता वाचनालयापुरतं राहिलं नाही, म्हणून पुढचं व्हर्जन नीट ठरवून करायचंय.

मुलं इथे मुख्यतः सीपीसीटीची (मध्य प्रदेशातली सरकारी कॉम्प्युटर-टायपिंग परीक्षा) टायपिंग प्रॅक्टिस करतात आणि भरतीचे ऑनलाइन फॉर्म भरतात, काकालोक ई-पेपर वाचतात. ग्रुपमध्ये एक मत असं की एलएक्सक्यूटी काढून नुसता आइसडब्ल्यूएम (फक्त खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर) ठेवू, अजून हलकं होईल. मला ते पटत नाहीये कारण काकांना आत्ताचा मेनू आणि पॅनल हाताला बसलंय. आम्हाला मिळतात ते शनिवार-रविवार, ते कुठे लावावेत?

लष्कर_टर्मिनल (ग्वाल्हेर)

दादा, डेस्कटॉपला हात लावू नका. आइसडब्ल्यूएमने फार तर शे-दीडशे एमबी सुटतील आणि तेवढे ब्राउझरचा एक जड टॅब एका घासात खातो. हलकी लिनक्स म्हणून जे काही बनतं त्यात सगळे विंडो मॅनेजर घासत बसतात आणि खरी रॅम जाते ब्राउझरमध्ये, हे वर्षानुवर्षं चाललंय आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण शेवटी त्रास होतो तो फॉर्म भरणाऱ्या पोराला. रॅम भरली की फिरत्या डिस्कवर स्वॅप (रॅममधलं डिस्कवर हलवणं) सुरू होतं, माउसचा बाण जागच्या जागी अडकतो, कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा विझतच नाही, पोरगा दोन मिनिटं वाट बघतो आणि पॉवरचं बटण दाबून धरतो. फॉर्म अर्धा भरलेला असतो, ओटीपी येऊन गेलेला असतो.

यावर इलाज आहे आणि सगळा डेबियनमध्येच आहे. झेडरॅम चालू करा (पॅकेज झेडरॅम-टूल्स), म्हणजे मेमरीची न लागणारी पानं डिस्कवर न जाता रॅममध्येच दाबून ठेवली जातात. फेडोरा या डिस्ट्रोने व्हर्जन ३३ पासून हे डिफॉल्टच केलंय. अल्गोरिदम झेडस्टँडर्ड घ्या, आकार रॅमच्या निम्म्यापासून सुरू करा आणि स्वॅपिनेस (स्वॅप किती सहज वापरायचं तो आकडा) १०० च्या वर न्या, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.८ पासून २०० पर्यंत देता येतं. डिस्कवरची स्वॅप पार्टिशन राहू द्या पण प्रायोरिटी कमी. आणि सोबत अर्लीओओएम टाकाच. मोकळी रॅम आणि स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेली की ते सगळ्यात जड प्रोसेस बंद करतं, फायरफॉक्समध्ये म्हणजे बहुतेक वेळा एखादा टॅब जातो, पूर्ण मशीन नाही.

मंडळाकडे थोडे पैसे असतील तर इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून फिरत्या डिस्कऐवजी साध्या साटा एसएसडी उचला, बाकी कुठल्याही बदलापेक्षा तो फरक मोठा दिसेल.

मांडवी_कर्नल (बडोदा)

वरच्यांशी सहमत, पण ३२ बिटचं, म्हणजे अगदी जुन्या प्रोसेसरचं, काय ते आधी ठरवा, नाहीतर पुढचं सगळं त्यात अडकेल. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि त्यात ३२ बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. कोअर टू ड्युओ सगळे ६४ बिट चालवतात, लोक जुनं मशीन दिसलं की उगाच ३२ बिट टाकतात. एलएससीपीयू कमांड देऊन बघा, ऑप-मोडच्या ओळीत ६४ दिसलं की झालं. नेटबुक मात्र अ‍ॅटम एन२७० वाले असतील तर ते ३२ च, त्यांना डेबियन १२ वरच राहू द्या, त्याला एलटीएस (लांबवलेले सिक्युरिटी अपडेट) जून २०२८ पर्यंत आहे. पण फायरफॉक्सनेही १४४ नंतर ३२ बिट लिनक्स सोडलंय, त्याचं जास्त दिवस अपडेट मिळणारं व्हर्जन ईएसआर १४० अजून थोडं चालेल एवढंच, तर त्या नेटबुकवर बँक वगैरे नको, फक्त ऑफलाइन टायपिंग.

आणखी एक, तळमळीने सांगतो. स्वतःचा कर्नल, स्वतःची रेपो (पॅकेजचा साठा) असलं काही सुरू करू नका. दोनतीन लोकांच्या डिस्ट्रो याच ओझ्याने बंद पडतात, एकाची बदली होते, दुसऱ्याचं लग्न होतं आणि सिक्युरिटी अपडेट थांबतात. तुमचं जे काही आहे ते एका मेटापॅकेजमध्ये (बाकी पॅकेज ओढून घेणारं पॅकेज) आणि लाइव्ह-बिल्डच्या कॉन्फिगमध्ये ठेवा, बाकी सगळं थेट डेबियनकडून येऊ द्या. मग तुम्ही सहा महिने गायब झालात तरी मशीन सुरक्षित राहतात.

टायपिंगवाली_ताई (इंदूर)

मी टायपिंगचा क्लास घेते त्यामुळे रॅमचं मला कळत नाही पण मुलं कुठे अडतात ते रोज बघते. सीपीसीटीत हिंदीला रेमिंग्टन गेल आणि इनस्क्रिप्ट हे दोन्ही कीबोर्ड लेआउट चालतात. लिनक्सवर रेमिंग्टन नावाचा लेआउट मिळतो पण तो गेलशी की-ला-की जुळतो का हे कोणीतरी छापील चार्ट समोर ठेवून तपासा. जोडाक्षराची एक की जरी वेगळी निघाली तरी बोटांना चुकीची सवय लागते आणि ती परीक्षेत भोवते. आणि लॉगिन झाल्यावर कीबोर्ड बदलायचं चिन्ह पॅनलवर दिसलंच पाहिजे, सेटिंगमध्ये जाऊन शोधायला लावू नका.

दुसरं म्हणजे फोटो आणि सही. फॉर्मवर लिहिलेलं असतं ५० केबीच्या आत, कुठे २० च्या आत, आणि मुलं त्यासाठी कुठल्यातरी वेबसाइटवर स्वतःचा फोटो, सही, आधार सगळं अपलोड करून लहान करून घेतात. मला हे बघवत नाही. तुमच्या सिस्टिममध्ये फोटोवर राइट क्लिक करून "५० केबी करा" एवढं आलं तरी मी क्लासचे सगळे पीसी बदलून घेईन.

लष्कर_टर्मिनल (ग्वाल्हेर)

ताई, हे एका संध्याकाळचं काम आहे. पीसीमॅनएफएम-क्यूटीला स्वतःच्या राइट क्लिक अ‍ॅक्शन देता येतात, यूएसआर-शेअरमध्ये फाइल-मॅनेजर, त्यात अ‍ॅक्शन्स, तिथे एक छोटी डेस्कटॉप फाइल टाकली की सगळ्या युजरना दिसते. आतून इमेजमॅजिक (फोटो बदलणारं टूल) चालवायचं, त्यात जेपेग एक्स्टेंट म्हणून पर्याय आहे, तो दिलेल्या केबीत बसेल अशी क्वालिटी स्वतः शोधतो. फक्त आधी रुंदी कमी करा, मोबाइलचा मोठा फोटो थेट ५० केबीत कोंबला तर चेहऱ्याचे चौकोन होतात. आणि मूळ फाइल तशीच ठेवून नवीन नावाने सेव्ह.

राजवाडा_रूट (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं उत्तर मिळेल वाटलं नव्हतं. एलएक्सक्यूटी राहतंय. या शनिवारी झेडरॅम आणि अर्लीओओएम दोन पीसींवर लावून बघतो, एकेक फॉर्म पूर्ण भरून, नुसते आकडे बघून नाही. फोटोची अ‍ॅक्शन ५०, २० आणि १०० केबी अशा तीन ठेवतो. ताई, गेलचा चार्ट तुमच्याकडे असेल तर रविवारी वाचनालयात आणाल का, लेआउट तुमच्या समोरच तपासू. आणि एन२७० वालं नेटबुक अजून कोणाकडे असेल तर सांगा, ३२ बिटची आयएसओ वेगळी काढतोय, ती आमच्या दोन मशीनच्या बाहेर टेस्ट व्हायला पायजे.